वारा म्हणजे कूलर, पाणी म्हणजे टँकर

सोफा कुठे ठेवावा, आरसा कुठे लावू नये, बांबूचं रोप कोणत्या कोपऱ्यात ठेवलं की पैसा येतो, हे सांगणारं एखादं तरी रील गेल्या महिन्याभरात तुमच्या मोबाइलवर आलं असेल. माझ्याकडे तर रोज येतात. सुरुवातीला मी ते अंगठ्याने वर ढकलायचो. आता थांबून बघतो, कारण माझ्या लक्षात आलंय की हा एक साहित्यप्रकार आहे. त्याची सुरुवात ठरलेली असते : घरात पैसा टिकत नाही का? मध्यही ठरलेला : मग ही एक चूक तुम्ही करताय. शेवटी एक वस्तू विकत घ्यायची असते. कीर्तनाला, लावणीला, सत्यनारायणाच्या कथेला जसा साचा असतो, तसाच हा.

साहित्यप्रकार म्हटला की त्याची समीक्षा करता येते. समीक्षेचे प्रश्न जुनेच आहेत. हा मजकूर कुणाच्या घराची कल्पना करतो? त्यात खरं काय आहे? तो काय गाळतो? आणि माझ्यापुरता चौथा प्रश्न : हा मजकूर बीड जिल्ह्यातल्या हॉलमध्ये बसून वाचला तर काय होतं?

मुळात काय होतं

फेंगशुई म्हणजे शब्दशः वारा आणि पाणी. ही कल्पना ज्या जुन्या चिनी ग्रंथात मांडलेली सापडते, तो घराबद्दल नाहीच, दफनाबद्दल आहे. तो ग्वो पू (२७६–३२४) याच्या नावावर सांगितला जातो. पूर्वजाला कुठल्या जमिनीत ठेवावं, हा त्याचा विषय. 'ची' म्हणजे जीवनशक्ती. ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्याजवळ थांबते, असं त्याचं सूत्र आहे. पुढे हाच विचार गावं, राजवाडे, घरं यांना लागला.

उत्तर चीनमधल्या जुन्या घराचं मुख्य दालन दक्षिणेकडे तोंड करून असतं. कारण समजायला गूढ विद्या लागत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरा वारा येतो, त्याला पाठ द्यायची. सूर्य दक्षिणेला कलून खाली आलेला असतो, त्याला तोंड द्यायचं. बीजिंग साधारण ४० अंश अक्षांशावर आहे, तिथे हे शहाणपण आहे.

बीड १९ अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्यावर इथे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. आपल्याला ऊन घरात आणायचं नसतं, बाहेर ठेवायचं असतं. दुपारनंतर पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते आणि वर स्लॅब असेल तर रात्री अकरापर्यंत घर भट्टी सोडत नाही. अशा हॉलमध्ये वारा म्हणजे कूलर. पाणी म्हणजे टँकर, किंवा आठ-दहा दिवसांनी येणारा नळ. या दोन गोष्टींबद्दल रील एक शब्द बोलत नाही. वारा आणि पाणी असं नाव घेतलेली विद्या वारा आणि पाणी सोडून सगळ्यावर बोलते, ही माझी पहिली तक्रार.

बैठकीला हे आधीच ठाऊक होतं

पण समीक्षकाने चांगलंही दाखवलं पाहिजे. फेंगशुईचा एक नियम मला पटतो : बसणाऱ्याच्या पाठीशी भक्कम भिंत असावी, त्याला दार दिसावं, पण तो दाराच्या अगदी रेषेत नसावा. यात तथ्य आहे. पाठीमागून कोण येतंय याची धास्ती नसली की माणूस सैल बसतो.

फक्त हे शिकायला चीनपर्यंत जायची गरज नव्हती. मराठवाड्यातला जुना माळवदाचा वाडा आठवा. आधी ढेळज, मग चौक, मग ओसरी. ओसरीवरच्या बैठकीत गादी आणि लोड भिंतीला टेकवलेले, समोर दार. आलेला माणूस आधी ढेळजेत थांबायचा. तिथून त्याला बैठक दिसायची, माजघर दिसायचं नाही. वर पांढऱ्या मातीचा जाड थर, त्यात उजेडासाठी झरोका. दुपारी बाहेर वणवा असला तरी आत गार. आपल्या भाषेत तर गावाचे दोन रंग होते : काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. कुठे पेरायचं आणि कुठे राहायचं, हे मातीकडे बघून ठरलेलं होतं.

या वाड्याचे गोडवे मात्र मी गाणार नाही. त्या बैठकीत बाई बसत नव्हती. अनेकांना ढेळजेच्याही बाहेर उभं राहून बोलावं लागत होतं. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-उस्मानाबादमध्ये काय झालं, ते आपल्या आजी-आजोबांना विचारा. किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचा मातीचा भार यांनीच झोपलेली माणसं गाडली. 'तुळईखाली बसू नका, झोपू नका' असं फेंगशुई सांगते, तेव्हा मला त्या पहाटेची आठवण होते. पण रीलमध्ये तुळई धोकादायक असते ती 'ऊर्जा दाबते' म्हणून. बांधकाम कच्चं आहे का, भिंतीला तडा आहे का, हे बघा असं तिथे कुणी म्हणत नाही. खऱ्या भीतीच्या जागी खोटी भीती बसवली की खरी तपासायची राहून जाते.

एकच कोपरा, दोन मालक

गंमत वाढते ती आपल्याकडे फेंगशुई एकटी येत नाही म्हणून. ती वास्तुशास्त्राचा हात धरून येते. दोन्ही एकच, फक्त नावं वेगळी, असं सल्लागार सांगतात. जरा पडताळून बघू.

हॉलचा आग्नेय कोपरा घ्या. फेंगशुईच्या नकाशात हा धनाचा कोपरा. त्याचं तत्त्व लाकूड, म्हणून तिथे रोप ठेवा, माशांची टाकी ठेवा. वास्तुशास्त्रात हाच कोपरा अग्नीचा. तिथे पाणी वर्ज्य. आता दक्षिण दिशा घ्या. चिनी परंपरेत दक्षिणमुखी घर उत्तम. आपल्याकडे दक्षिणेचं दार म्हटलं की लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कॅलिफोर्नियात राहिलेल्या लिन युन यांनी फेंगशुईचा जो प्रकार अमेरिकेत लोकप्रिय केला, त्यात तर होकायंत्रच लागत नाही. दिशा दारापासून मोजतात. म्हणजे एकाच हॉलमधला एकच कोपरा एका हिशोबाने पैसा आणणारा, दुसऱ्या हिशोबाने जाळणारा आणि तिसऱ्या हिशोबाने तो कोपराच नव्हे.

माझ्या एका नातेवाइकांचं घर गेवराई तालुक्यात आहे. दार दक्षिणेला, कारण रस्ता दक्षिणेला. एका सल्लागाराने ते दार बुजवून पूर्वेला काढायला सांगितलं. पूर्वेला भाऊबंदांची भिंत. कापसाच्या पट्टीतून हातात आलेले पैसे आणि त्या उन्हाळ्यातली झोप, दोन्ही त्या भिंतीच्या वादात गेले. शेवटी दार जिथल्या तिथे राहिलं. त्याच्यावर एक आरसा, घंट्यांचं झुंबर आणि लाल दोऱ्यात ओवलेली भोकाची नाणी लागली. माझी चुलतबहीण त्या हॉलमध्ये पोलीस भरतीचा अभ्यास करते. पंखा लावला की झुंबर वाजतं, झुंबर वाजलं की तिचं लक्ष उडतं. तिने ते एकदा काढून ठेवलं, तर 'घरात बरकत नको का' म्हणून बोलणी खाल्ली.

नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत नरबळी आहे, अघोरी प्रथा आहेत. वास्तू आणि फेंगशुई नाहीत. झुंबर टांगणं गुन्हा व्हावा असं माझंही म्हणणं नाही. पण जिथे कायदा पोचत नाही, तिथे निदान वाचकाने तरी पोचावं.

हसरा बुद्ध आणि दुसरा बुद्ध

आता त्या ढेरपोट्या, हसऱ्या मूर्तीबद्दल. तो गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई : चीनमधला दहाव्या शतकाच्या सुमाराचा एक भिक्खू. बुदाई म्हणजे कापडी पिशवी. सगळा संसार पिशवीत घालून फिरणारा, घर नसलेला माणूस. आपण त्याला दिवाणखान्याचा रखवालदार केलाय, तोही धन आणण्यासाठी.

बीडमध्ये असे हॉल मी पाहिलेत, जिथे हा बुद्ध टीव्हीच्या कपाटावर मानाने बसलाय. पण शांत बसलेला, डोळे मिटलेला बुद्ध भिंतीवर लावायची कल्पनाही त्या घराला सहन होणार नाही. कारण तो 'त्यांच्या' घरात असतो, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी. याच मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला, घरं जळली, आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ज्या बुद्धाला जात चिकटवली तो उंबऱ्याबाहेर, आणि ज्याला किमतीची चिठ्ठी चिकटवली तो आत. सबंध हॉलमध्ये याहून बोलका मजकूर मला सापडलेला नाही.

इथेच फेंगशुईच्या बाजूचा एक मुद्दाही आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, सहाव्या शतकात, घराचं माप वर्णानुसार ठरतं : ब्राह्मणाचं मोठं, मग उतरत्या क्रमाने. मातीलाही वर्ण आहे : पांढरी ब्राह्मणाची, काळी शूद्राची. त्या हिशोबाने जिल्ह्यातली कापसाची अख्खी जमीन खालच्या पायरीवर गेली. फेंगशुईची वस्तू विकणारा जात विचारत नाही. सोवळं नाही, दक्षिणा नाही, पुरोहित नाही. दुकानातून आणा, ठेवा, झालं. अनेक घरांना यात सुटका वाटत असेल, तर ती मी समजू शकतो. फक्त पुरोहिताच्या जागी आता मोबाइल आहे, आणि त्याचंही समाधान कधी होत नाही.

२६९ चौरस फूट

या साहित्यप्रकारातलं घर कसं असतं? त्यात 'लिव्हिंग रूम' वेगळी असते. तिला चार मोकळे कोपरे असतात. सोफा हलवायला जागा असते. आणि त्या घरात माणसं बारा महिने राहतात.

प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ आहे २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. त्यात बैठक, झोपायची जागा, ज्वारीची पोती, देव आणि अभ्यास. कोपरे चारच, आणि चारही भरलेले. 'पसारा काढा, ऊर्जा खेळू द्या,' असं तिथे सांगणं म्हणजे ज्वारी बाहेर ठेवा असं सांगणं.

आणि जिल्ह्यातली लाखो माणसं तर अशा घरालाही दिवाळीच्या आगेमागे कुलूप लावून उसाला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, फडाजवळ पाचटाची कोपी. तिचं दार कुठल्या दिशेला असतं? जिकडून वारा कमी लागतो आणि बैलं नजरेसमोर राहतात, तिकडे. संध्याकाळी आलेली बाई हे पाच मिनिटांत ठरवते. वारा आणि पाणी यांचं इतकं चोख वाचन मी कुठल्याच रीलमध्ये पाहिलेलं नाही. पण ते ज्ञान म्हणून कुणी विकत नाही, कारण ज्यांच्याकडे ते आहे, त्यांना राहायला कोपीच मिळते.

पाचवं तत्त्व

फेंगशुईची पाच तत्त्वं : लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी. आपली पाच : पृथ्वी, पाणी, तेज, वायू आणि आकाश. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या कवीने सुमारे चाळीस फूट लांब कापडावर हे पंचमहाभूतांचं गणित मांडलंय. जमलं तर जाऊन बघा, जिल्ह्यातच आहे. मला त्या पाचांतलं शेवटचं तत्त्व महत्त्वाचं वाटतं. आकाश म्हणजे पोकळी, मोकळी जागा. चिनी यादीत ते नाही आणि आपल्या हॉलमधूनही ते गेलंय. तिथे काचेच्या ताटलीतलं कासव आहे, तीन पायांचा बेडूक आहे, बांबू म्हणून विकलेलं रोप आहे, जे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबूच नाही.

म्हणून हॉलची मांडणी करायचीच असेल तर माझे प्रश्न वेगळे असतील. दुपारी चारला कोणती भिंत तापते? कूलरचा वारा आत आला तर बाहेर कुठून जातो? पाहुणे आले की घरातलं कोण उठून आत जातं? आजीला टेकायला भिंत आहे का? आणि गेवराईच्या त्या घरात : माझ्या बहिणीचं टेबल पंख्याखाली, खिडकीच्या उजेडात ठेवायचं झालं, तर धनाच्या कोपऱ्यातलं काय काय हलवावं लागेल? मी मोजलंय. एक कासव, एक बेडूक आणि ते झुंबर.