डब्लिनचे पूल : बघण्याचे आणि थांबण्याचे

भारतातून पाहुणे आले की डब्लिनमधला प्रत्येक मराठी माणूस त्यांना एकदा तरी सॅम्युअल बेकेट पुलाकडे नेतोच. लिफी नदीवर आडवी ठेवलेली पांढरी हार्प. आपल्या मुलांना तर ती युरोच्या नाण्यामुळे आधीच ओळखीची. सान्तियागो कालात्रावा या स्पॅनिश वास्तुविशारदाची ही रचना. लांबी सुमारे १२० मीटर. पोलादी सांगाडा नेदरलँड्समध्ये तयार झाला, मे २००९ मध्ये समुद्रमार्गे इथे आला आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला पूल खुला झाला. मोठे जहाज आले की हा सगळा डोलारा ९० अंशांतून फिरतो! खर्च सुमारे सहा कोटी युरो.

फोटोत हा पूल फारच सुंदर येतो, आणि माझी तक्रार नेमकी इथूनच सुरू होते. मी तो आठवड्यातून पाच दिवस पायी ओलांडतो. समुद्राकडून येणारे वारे अंगावर घेत, मान खाली घालून. पुलावर कोणी थांबलेले दिसले तर ते फोटोसाठी, आणि त्यांना तिथे हवा तसा फोटो मिळतही नाही, कारण हार्प दिसायला तीनशे मीटर लांब जावे लागते. शिल्प म्हणून मी या पुलाला शंभरपैकी नव्वद गुण देईन. चार माणसांनी टेकून गप्पा माराव्यात अशी जागा म्हणून मात्र जेमतेम पस्तीस.

याच कालात्रावांचा जेम्स जॉइस पूल आकाराने लहान, पण मला तो अधिक समंजस वाटतो. १६ जून २००३ रोजी, म्हणजे जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीत जो एकच दिवस घडतो त्या तारखेला, तो खुला झाला. त्याच्या दक्षिण टोकासमोर १५, अशर्स आयलंड हे घर आहे. जॉइसची 'द डेड' ही कथा तिथे घडते. साहित्यिकाचे नाव द्यायचे तर असे द्यावे, पत्त्यासकट.

पण मंडळी, या शहरात पुलावर कला नेण्याची सर्वांत धाडसी कल्पना कालात्रावांची नाहीच. ती जवळजवळ शंभर वर्षे आधीची आहे आणि तो पूल कधी बांधलाच गेला नाही.

ह्यू लेन नावाचे चित्रांचे मोठे व्यापारी आणि संग्राहक होते. मॅने, मोने, रेन्वार अशा फ्रेंच चित्रकारांची चित्रे त्यांनी जमवली होती. डब्लिनने योग्य कलादालन बांधले तर ती शहराला द्यायला ते तयार होते. जागेवरून वाद झाले, तेव्हा लेन यांनी एडविन लुट्येन्स यांना नकाशा काढायला सांगितला. हो, आपल्या नव्या दिल्लीचेच लुट्येन्स. ते कामही त्याच सुमारास त्यांच्या हाती आले होते. त्यांनी सुचवले की दालन लिफीवरच बांधावे. दोन्ही काठांवर एकेक इमारत आणि त्यांना जोडणारा, खांबांच्या ओळींचा पूल. कामावर जाणारा माणूस नदी ओलांडता ओलांडता चित्रांच्या दारावरून जाणार! जागा ठरली हापेनी पुलाची.

विरोध झाला. वास्तुविशारद आयरिश नाही, हा एक आक्षेप. करदात्यांचा पैसा चित्रांवर कशाला, हा दुसरा, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज विल्यम मार्टिन मर्फी यांचा. मर्फी म्हणजे ट्राम कंपनीचे आणि वृत्तपत्रांचे मालक. सप्टेंबर १९१३ मध्ये महापालिकेने योजना फेटाळली आणि लेन यांनी चित्रे लंडनला नेली.

आता गंमत पाहा. ऑगस्ट १९१३ मध्ये याच मर्फींच्या ट्रामवर संप सुरू झाला आणि त्यातून डब्लिनची प्रसिद्ध टाळेबंदी उभी राहिली. सुमारे वीस हजार कामगार रस्त्यावर आले. गरिबांच्या पोटाचे बघा, चित्रे कसली मागता, हा युक्तिवाद आपणही आपल्याकडे प्रत्येक नाट्यगृहाच्या वेळी ऐकतो. पण कामगारांचे पुढारी जिम लार्किन दालनाच्या बाजूने होते, आणि दालनाला पैसा नको म्हणणारे मर्फी कामगारांनाही टाळे लावत होते. भाकरी विरुद्ध चित्र हा सामना निदान १९१३ च्या डब्लिनमध्ये तरी खरा नव्हता.

लेन १९१५ मध्ये लुसिटानिया बोटीवर बुडाले. चित्रे डब्लिनलाच द्यावीत असे त्यांनी मृत्युपत्राच्या पुरवणीत लिहिले होते, पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. एकोणचाळीस चित्रांचा तंटा दशकानुदशके चालला आणि १९५९ मध्ये वाटणीचा करार झाला.

लुट्येन्सचा पूल व्हायला हवा होता का? माझे मन दोन्हीकडे ओढते. लिफीच्या दमट हवेत ती चित्रे किती टिकली असती देव जाणे. आणि तो झाला असता तर हापेनी पूल गेला असता. १८१६ चा हा ओतीव लोखंडाचा पूल कोणी कला म्हणून बांधला नव्हता. विल्यम वॉल्श यांच्या नावा चालत, त्यांच्या बदल्यात त्यांनी पूल बांधला आणि माणशी अर्धा पेनी टोल घेतला. तो टोल १९१९ पर्यंत होता. आज शहराचे चित्र काढा म्हटले की शाळेतली मुले हाच पूल काढतात!

उलट ग्रॅटन पुलाचे उदाहरण घ्या. महापालिकेने ग्रॅनाइटची फरसबंदी केली, बाक ठेवले, छोटी दुकाने उभारली आणि २००४ मध्ये तिथे युरोपीय धर्तीचा पुस्तकबाजार सुरू केला. हेतू उत्तम, पण पुढे ती दुकाने काढून टाकावी लागली. समुद्री घोड्यांचे जुने दिवे मात्र दिमाखात उभे आहेत. पुण्यातही बंडगार्डनचा फिट्झजेराल्ड पूल वाहनांना बंद झाल्यावर महापालिकेने त्यावर आर्ट प्लाझा केला. पण पुण्याची तरुण मंडळी संध्याकाळी गाड्या लावून बसतात ती झेड ब्रिजवर, जिथे त्यांनी बसावे असे कोणाच्याही नकाशात नव्हते. (जाता जाता: हे फिट्झजेराल्ड म्हणजे मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या वडिलांना १८२८ च्या क्लेअरच्या निवडणुकीत हरवले ते डॅनियल ओकॉनेल यांनी. विजेत्याच्या नावाचा पूल डब्लिनला, पराभूताच्या मुलाच्या नावाचा पुण्याला!)

म्हणून माझे मत मी रोझी हॅकेट पुलाला देतो. मे २०१४ मध्ये तो खुला झाला. खासगी गाड्यांना बंदी. ट्राम, बस, सायकली आणि पायी माणसे. दिसायला साधा, पातळ काँक्रीटचा. पोस्टकार्डावर तो कोणी छापणार नाही. रोझी हॅकेट जेकब्सच्या बिस्किट कारखान्यात काम करीत आणि १९१३ च्या टाळेबंदीत त्यांची नोकरी गेली. लिफीवरच्या या पुलाला त्यांचे नाव मिळाले. पुलावरून ज्या ट्राम जातात, त्यांच्याच पूर्वज ट्रामवर तो संप पेटला होता. लुट्येन्सच्या नकाशातली जागा इथून पायी पाच-सात मिनिटांवर आहे, आणि लेन यांच्या संग्रहातले रेन्वारचे छत्र्यांचे चित्र करारानुसार अजून लंडन आणि डब्लिन अशी ये-जा करते.