तगतं कोण, प्रदेश की माणूस?

ॲनाली सॅक्सेनियन यांचं ‘रीजनल ॲडव्हान्टेज’ हे १९९४ सालचं पुस्तक आज आपल्याला तपासायचं आहे.

त्यातला प्रश्न साधा आहे. कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनभोवतीचा ‘रूट १२८’, अमेरिकेतल्या संगणक-उद्योगाचे हे दोन पट्टे. १९८०च्या दशकात दोघांनाही फटका बसला. व्हॅलीच्या हातून मेमरी चिपचा बाजार जपानी कंपन्यांकडे गेला; बॉस्टनच्या मिनीकॉम्प्युटरचं गिऱ्हाईक छोट्या संगणकांकडे वळलं. मग व्हॅली सावरली आणि बॉस्टन मागे पडलं, ते का?

लेखिकेचं उत्तर असं : बॉस्टनकडे डेक, वँग यांसारख्या कंपन्या सगळं आपल्या चार भिंतींतच करत. व्हॅलीत मात्र इंजिनिअर भराभर नोकऱ्या बदलत, माउंटन व्ह्यूच्या ‘वॅगन व्हील’सारख्या बारमध्ये जुन्या सहकाऱ्यांशी कामाच्या अडचणी बोलत. त्यामुळे एखादी कंपनी बुडाली तरी तिथलं ज्ञान बुडत नसे. ते दुसऱ्या दारी कामाला लागे.

हे आम्हाला पटतं. आम्ही ते वर्गात कौतुकानं सांगितलंही आहे. पण आता एक गोष्ट खटकते. इथे तगून राहतो तो प्रदेश. माणसाचं काय? नोकरी गेलेल्या इंजिनिअरला ओळखीपाळखी सावरतात. तोच त्याचा विमा. पण त्याच व्हॅलीत चिप जोडणाऱ्या स्त्रियाही होत्या, त्यांतल्या कितीतरी स्थलांतरित. जुळणीचं काम आशियात गेलं तेव्हा त्यांना कोणी सावरलं? कुठला जोड सैल बसलाय, हे त्यांच्या बोटांना कळत होतं. तेही ज्ञानच की! पुस्तकाचा सारा भर मात्र इंजिनिअर आणि उद्योजक यांच्यावर. ‘ज्ञान म्हणजे काय’ हा आमच्या विषयाचा जुना प्रश्न. इथे त्याच्याही आधी विचारावं लागतं, कुणाच्या जाणण्याला ज्ञान म्हणायचं?

कुणी म्हणेल, उद्योगांवरच्या ग्रंथाकडून हे कशाला मागता? मागतो, कारण पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘संस्कृती’ हा शब्द आहे. आणि संस्कृती म्हटली की त्यात सगळेच आले.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा. मात्र ‘आपल्याकडेही असं जाळं विणू’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा : उद्या कारखाना बंद पडला, तर त्यातल्या कामगाराला शेजारच्या कारखान्यात नावानं ओळखणारं कुणी असेल का?