मंदगतीचें अनुकरण

हाँगकाँगचे दिग्दर्शक वोंग कार-वाय यांचा 'चुंगकिंग एक्स्प्रेस' हा चित्रपट १९९४ सालीं निघाला. त्यांतील एक प्रसंग आमच्या पुष्कळ वाचकांस आठवत असेल. खाद्यपदार्थांच्या लहानशा दुकानाशीं उभा राहून एक पोलीस शिपाई कॉफी पीत आहे, दुकानांतली मुलगी फळीवर रेलून त्याच्याकडे टक लावून पाहत आहे, आणि दोघांच्या पुढून माणसांची रहदारी रंगाच्या ओघळांसारखी वाहून जात आहे. हा परिणाम घरच्या संगणकावर साधावा अशी हौस अनेक तरुणांस वाटते. हौस स्तुत्यच आहे. परंतु तिचीं जीं फळें आमच्या पाहण्यांत येतात, त्यांविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे.

चूक होते ती प्रथम समजुतींत. सामान्यतः मंदगती म्हणजे सेकंदास २४ ऐवजीं, समजा, ९६ चित्रें टिपून तीं २४ च्याच वेगानें दाखविणें; मग हालचाल चौपट सावकाश आणि सलग दिसते. येथें मार्ग अगदीं उलटा आहे. कॅमेरा कमी चित्रें टिपतो. सेकंदास आठच घेतलीं, तर शटर दर चित्रास सुमारें एक षोडशांश सेकंद उघडें राहतें. नेहमींच्या चित्रणांत तें एक अठ्ठेचाळिसांश सेकंदच उघडें असतें. म्हणून चालणारा मनुष्य पुसट उमटतो. पुढें प्रयोगशाळेंत प्रत्येक चित्र तीन वेळां छापलें, कीं घटनेस लागणारा काळ मूळचाच राहतो, पण ती अडखळत गेल्यासारखी दिसते. त्याहून अधिक वेळां छापलें, तर काळही लांबतो.

आमच्या एका तरुण स्नेह्यानें साधेंच चित्रण घेतलें, वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणला व 'ऑप्टिकल फ्लो' ही सोय लाविली. संगणकानें मधल्या जागा आपल्या अनुमानानें भरून काढल्या. गर्दी तेलावरून घसरावी तशी गेली, आणि एक माणूस दुसऱ्याच्या आडून निघाला तेथें त्याचा खांदाच वितळला! तुटकपणा हा ज्या प्रसंगाचा प्राण, तेथें तोच बुजविणारें हें चातुर्य काय कामाचें? नंतर त्यानें चित्रें एकावर एक विरविलीं, तों एका हाताचे पांच हात झाले. देवीच्या मूर्तीस तें शोभेल, कॉफी पिणाऱ्या शिपायास नव्हे.

तिसरा प्रयत्न मात्र आम्हांस पटला. सेकंदास ६० चित्रें, शटर शक्य तितकें उघडें; मग पांच-पांच चित्रांचें एकेक मिश्रण करून बारा उरविलीं व प्रत्येक दोनदां दाखविलें. ही अस्पष्टता खऱ्या हालचालीची होती. 'पोस्टराइझ टाइम' नांवाची सोय चित्रें कमी करते, पुसटपणा देत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

तरीही कांहीं उणें राहिलेंच. मूळ प्रसंगीं टोनी लेउंग यांनीं मुद्दाम अत्यंत सावकाश हालचाल केली, आणि गर्दी आपल्या वेगानें गेली. त्या माणसाचें एकटेपण आलें तें त्यामुळें, आणि तें चित्रणाच्या वेळींच आलें. स्नेह्याचा नट चहा नेहमींसारखा प्याला होता. त्यामुळें गर्दीबरोबर तोही फरफटला. आतां कप ओठांस लावण्यास पुरतें एक मिनिट घ्यावें, अशी त्यास ताकीद आहे. पहिल्या दोन खेपांस त्यास हंसूं आवरलें नाहीं, आणि तिसऱ्या खेपेस चहा निवून गेला होता.