वादळाचे बारसे आणि गावकुसाबाहेरचा माणूस

वादळाचा इशारा हा एक मजकूर आहे. त्याला लेखक आहे, भाषा आहे आणि त्याने गृहीत धरलेला एक वाचकही आहे. म्हणून कथा-कवितेची जशी समीक्षा होते, तशी इशाऱ्याचीही झाली पाहिजे. इशारा देऊनही लोक हलत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक वादळानंतर ऐकू येते. तीत लोकांचे अज्ञान, अंधश्रद्धा, बेफिकिरी या सर्वांचा उल्लेख असतो. इशाऱ्याने गृहीत धरलेला माणूस कोण, हा प्रश्न मात्र तीत कधीच नसतो.

आधी नावाचा विचार करू. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली. आठ देशांनी प्रत्येकी आठ नावे दिली होती. ती यादी २०२० साली ‘अम्फान’ने संपली आणि त्याच वर्षी तेरा देशांची १६९ नावांची नवी यादी आली. नाव लहान असावे, उच्चाराला सोपे असावे, धर्म, राजकारण, संस्कृती आणि लिंग यांबाबत तटस्थ असावे, कोणत्याही समूहाच्या भावना दुखावणारे नसावे, असे नियम आहेत. हेतू व्यवहाराचा आहे. अक्षांश-रेखांश कोणाच्या लक्षात राहत नाहीत, नाव राहते.

पण नाव ही गोष्ट आपल्या समाजात कधीच नुसत्या व्यवहाराची नव्हती. २०१३ च्या मे महिन्यात श्रीलंकेनेच सुचवलेले ‘महासेन’ हे नाव एका वादळाला मिळाले. जलाशय बांधणाऱ्या राजाचे नाव विनाशाला कसे, असा आक्षेप त्याच देशातून आला आणि नाव बदलून ‘वियारू’ झाले. आक्षेप गैर होता असे मी म्हणत नाही. राजाच्या नावाची अप्रतिष्ठा किती तत्परतेने ध्यानात येते, एवढेच नोंदवतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे तिरस्कार दर्शवणारे असावे, असे विधान आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, तेव्हा आमच्या वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १९९४ साल उजाडले. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे झगडलेल्या समाजाला नावाची किंमत कोणी शिकवायला नको.

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला जे वादळ धडकले त्याचे नाव ‘निसर्ग’. नाव बांगलादेशाने दिलेले. पण शब्द बंगालीइतकाच मराठी. त्यामुळे इथे एक विलक्षण सोय झाली. जे झाले ते ‘निसर्गा’ने केले, असे म्हणून प्रत्येकाला मोकळे होता आले. वारा निसर्गाचा होता हे खरे. कोणाचे घर कौलाचे, कोणाचे पत्र्याचे आणि कोणाचे कुडाचे, हे मात्र वाऱ्याने ठरवलेले नव्हते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, त्यांची भरपाई हेक्टरी मोजली गेली. ज्याच्या नावावर हेक्टर नाही, जो त्याच बागेत मजुरीने सुपारी उतरवत होता, त्याची बुडालेली मजुरी या मापात बसतच नाही. सातबारावर नाव नसलेला माणूस वादळाला नाव मिळाल्याने दिसू लागत नाही.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. म्हणून सरकारी कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. इशाऱ्यातील एक वाक्य मला नेहमी अडवते. कच्च्या घरांचे मोठे नुकसान संभवते, असे त्यात असते. हे वाक्य हवामानाचे म्हणून लिहिलेले आहे, पण ते समाजरचनेचे वर्णन आहे. कच्ची घरे आणि सखल जागा कोणाच्या वाट्याला आल्या, हे गावाचा नकाशा पाहणाऱ्या कोणालाही कळते.

मग माणसे वाचतात कशाने? १९७७ च्या नोव्हेंबरात आंध्रच्या दिवी भागात आणि १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात सुमारे दहा-दहा हजार माणसे गेली. २०१३ साली ‘फायलिन’ त्याच ओडिशावर आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. मधल्या काळात वादळांना नावे मिळाली हे खरे. पण माणसे नावाने वाचली नाहीत. पक्की निवारागृहे, गावपातळीवरचे स्वयंसेवक, वेळेवर आलेली वाहने यांनी ती वाचली. इशाऱ्यामागे जागा उभी राहिली, तेव्हा लोक हलले.

आणि जिथे ती जागा सर्वांची नसते? २०१९ च्या ‘फनी’ वादळात पुरी जिल्ह्यात दलित कुटुंबांना निवाऱ्यात जागा नाकारल्याच्या बातम्या आल्या. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’चा इशारा आधीच दिलेला होता, तरी मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला आणि साठांहून अधिक माणसे गेली. त्यांनी इशारा ऐकला नव्हता काय? ऐकणे आणि हलणे यांच्यामध्ये मालकी उभी असते, कधी जात उभी असते. ती न पाहता लोकांच्या अज्ञानावर बोलणे ही प्रस्थापितांची जुनी सवय आहे.

विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी येथून पुढे इशारा असाच वाचावा. विज्ञानावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही; विज्ञान आपल्याही दारापर्यंत आले पाहिजे, एवढाच आग्रह धरायचा आहे. पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत उभे राहून विचारावे: निवारा कोठे आहे, त्याची किल्ली कोणाकडे आहे, त्याच्या यादीत आपल्या वस्तीचे नाव आहे की नाही? वादळाचे नाव यादीत आधीच लिहिलेले असते. वस्तीचे नाव मात्र आपल्यालाच लिहून घ्यावे लागेल.