गुपित राहतं कुठे?

'द नेम ऑफ द रोज' या कादंबरीत डुकराच्या रक्तानं भरलेल्या रांजणात एका भिक्षूचं प्रेत सापडतं. उम्बेर्तो एकोची ही इटालियन कादंबरी १९८० साली आली. नंतर त्यानं आपल्या या लेखनाबद्दल एक टिपण लिहिलं, त्यात या रांजणाचा हिशेब दिला आहे. डुकरं कापतात ती थंडीत. पण कथा १३२७च्या नोव्हेंबरच्या पुढे ढकलता येईना, कारण तिच्यात हवा असलेला फ्रान्सिस्कन पंथाचा प्रमुख मिकेले दा चेझेना डिसेंबरात आव्हिन्यॉंला, पोपच्या दरबारी होता. ही इतिहासातली नोंद, ती बदलायची नव्हती. मग नोव्हेंबरातच बर्फ पडेल इतकी उंच जागा शोधणं आलं. म्हणून एकोचा मठ डोंगरावर गेला.

धर्मसंस्थेच्या पोटातल्या कटकारस्थानाची रहस्यकथा कुणी हातात दिली की मला हा रांजण आठवतो. गेल्या चाळीसेक वर्षांत हा प्रकार जगभर फोफावला. गुप्त पंथ, हरवलेला ग्रंथ, चर्चच्या तळघरातलं प्रेत, चिन्हं वाचणारा प्राध्यापक हे साहित्य आता कुठल्याही पुस्तकविक्रेत्याच्या फळीवर हाताला लागतं. दुर्मीळ झाली आहे ती गुपित खरोखर जिथे राहू शकेल अशी जागा, आणि ते जपण्यासाठी आतून तुटणारं माणूस.

एकोच्या मठात या दोन्ही गोष्टी आहेत. कथा सात दिवसांची, आणि प्रत्येक दिवस घड्याळावर नव्हे तर प्रार्थनेच्या प्रहरांवर विभागलेला. कोण कुठे झोपतो, कोणती किल्ली कुणाकडे असते, पहाटेच्या अंधारात कोण कोणाच्या मागून प्रार्थनेला जातो, हे सगळं आपल्याला सवयीचं होतं. त्यामुळे एखादी जागा रिकामी दिसली की तपास करणाऱ्याच्या आधी आपल्याच पोटात गोळा येतो. मठाचा नकाशा समोर ठेवून एको लिहीत होता. दोन पात्रं भोजनगृहातून निघून ओवरीपर्यंत बोलत जायची असतील, तर त्यांचं बोलणं ओवरी येताच थांबायचं. ही शिस्त वाचकाला दिसत नाही, पण तिच्यामुळेच मठाच्या भिंती टणक लागतात.

आणि त्या भिंतींतूनच पात्रं घडली आहेत. तपास करणारा विल्यम पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायालयाचा न्यायाधीश होता, त्यानं ते काम सोडलं. म्हणून त्याच्या प्रत्येक तर्काला पश्चात्तापाची किनार आहे. मठातला साल्वातोरे अनेक भाषांची मोडतोड करून बोलतो, कारण भटकत, उपाशी, एका पाखंडी टोळीतून दुसरीत असाच तो जगला आहे. आणि आंधळा भिक्षू योर्गे. त्यानं ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'चा हरवलेला दुसरा भाग, विनोदावरचा, दडवून ठेवला आहे आणि त्याच्या पानांना विष लावलं आहे. त्याला पैसा नको, पद नको. हसू हे भयाला मारतं आणि भय गेलं की देव जातो, असं त्याला मनापासून वाटतं. त्याचं म्हणणं पटत नाही, पण त्याची भीती पटते. या प्रकारातला माझ्या वाचनातला हा सर्वांत मोठा खलनायक आहे, तो त्याच्या श्रद्धेमुळे.

२००३ साली 'द दा विंची कोड' आलं आणि सगळ्या प्रकाराचा साचाच बदलला. डॅन ब्राऊनची गती खरी आहे. छोटी प्रकरणं आणि प्रत्येकाच्या शेवटी टांगलेला प्रश्न यांमुळे मीही ते एका रात्रीत संपवलं होतं. मराठीत त्याचा अनुवाद आला, तोही हातोहात फिरला. पण लूव्र संग्रहालय, सेंट-सुल्पिसचं चर्च, स्कॉटलंडमधलं रॉसलिन चॅपल ही त्या कादंबरीतली स्थळं म्हणजे थांबे आहेत. नायक तिथे पोचतो, भिंतीवरचा अर्थ समजावून सांगतो आणि निघतो. तिथे कुणी जेवत नाही, कुणी झाडू मारत नाही, कुणी कंटाळत नाही.

याची किंमत पात्रांना मोजावी लागते. मारेकरी सायलस हा त्या पुस्तकातला सर्वांत जिवंत माणूस. वर्णानं पांढराफटक, स्वतःला वेदना देणारा, एका धर्मगुरूनं जवळ केलं म्हणून त्याच्यावर जीव टाकणारा. ब्राऊन त्याला ओपस देई या कॅथलिक संघटनेचा मठवासी करतो. त्या संघटनेत मठवासी नसतातच. ही चूक तपशिलाची आहे असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण सायलसला मठ मिळाला असता तर नियम मिळाले असते, सोबत राहणारे मिळाले असते, कुणीतरी त्याच्या डोळ्यांत पाहून काहीतरी ओळखलं असतं. त्याच्या पापाला साक्षीदार मिळाला असता. तेच त्या कादंबरीतल्या 'प्रायरी ऑफ सायन' या गुप्त पंथाचं. पिएर प्लांतारनं १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदवलेली ही संस्था, तिच्या प्राचीनतेची कागदपत्रं बनावट. कादंबरी मात्र आरंभीच तिला वस्तुस्थिती म्हणते. एकोनं १९८८च्या 'फुकोज पेंड्युलम'मध्ये नेमकी हीच वाट आधीच दाखवली होती. तिथे मिलानच्या प्रकाशनसंस्थेतले तिघे संपादक खेळ म्हणून एक जागतिक कट रचतात, आणि त्यावर विश्वास ठेवणारी माणसं जीव घ्यायला येतात.

नंतरच्या अनुकरणांविषयी फार लिहावंसं वाटत नाही. अपवाद रॉबर्ट हॅरिसच्या 'कॉन्क्लेव्ह'चा (२०१६), ज्यावर २०२४ साली चित्रपटही आला. पोप वारले आहेत, कार्डिनल कुलूपबंद आहेत, मतदानाच्या फेऱ्या चालू आहेत. निवडणूक पार पाडणाऱ्या लोमेलीला प्रार्थना जमेनाशी झाली आहे. उमेदवारांच्या गुपितांचा तपास त्याच्या गळ्यात पडतो, कारण त्या बंद वास्तूत दुसरं कुणी नाही. आणि एक मोठं गुपित बाहेर येतं ते स्वयंपाकपाणी करणाऱ्या नन्सच्या बाजूनं. जेवण वाढणाऱ्या बाईला लेखकानं पाहिलं, आणि तिथेच कथा उघडली.

आपल्याकडे अश्विन सांघी यांनी 'द रोझाबाल लाइन' इंग्रजीत लिहून श्रीनगरच्या एका दर्ग्यापासून असाच जगभर पसरलेला कट उभा केला. मराठीत डॉ. प्रकाश कोयाडे यांच्या 'प्रतिपश्चंद्र'नं इतिहासात दडलेल्या गुपिताचा माग काढला आणि तरुण वाचक पुन्हा कादंबरीकडे वळवले, याचा मला आनंद आहे. पण मराठीतलं गुपित बहुतेकदा खजिना असतं. खजिना जपायला पहारेकरी पुरतो; श्रद्धावान लागत नाही.

याची खंत अधिक वाटते, कारण एकोला कल्पनेनं रचावं लागलं ते आपल्याकडे घडून गेलं आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करत त्यांचे अनुयायी म्हाइंभट माणसामागून माणसाला भेटत राहिले. मुळात वादविवादात कुणाला न जुमानणारे ते पंडित. ऐकलेलं पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घ्यायचं, तेव्हाच लिहायचं. रिद्धपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध झालं, आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा मांडली. म्हणून पाठ वेगवेगळे झाले. पुढे पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली जगापुढे ठेवेपर्यंत बाहेरच्या माणसाला ते वाचता येत नव्हते.

यात कुणाला खलनायक करायची गरज नाही. किंबहुना तसं करू नयेच. नांदत्या पंथाला कारस्थानी ठरवणं सोपं असतं, आणि त्याचा त्रास कादंबरी मिटल्यावरही त्या पंथातल्या साध्या माणसांना होत राहतो. इथला पेच वेगळा आहे. पोथी गेल्यावर ती आठवायला बसलेल्या दोघांना एकच लीळा, म्हणजे स्वामींची एकच आठवण, वेगवेगळी आठवते. दोघंही खरं बोलत आहेत. दोघांचंही गुरूवर सारखंच प्रेम आहे. कुणाचं लिहून घ्यायचं, कुणाचं गाळायचं, आणि गाळलेल्याचं पुढे काय झालं?

लिहिणाऱ्यानं आधी एवढंच ठरवावं, की ती बैठक कोणत्या महिन्यात बसली, बाहेर शेतात काय उभं होतं, आणि दिव्यात तेल किती वेळ पुरणार होतं.