सामूचा तक्ता काय सांगत नाही?

शाळेच्या प्रयोगशाळेत सामूचा रंगीत तक्ता बहुधा असतोच. एका टोकाला लाल, मध्ये हिरवा, दुसऱ्या टोकाला जांभळा. 0 ते 14 आकडे आणि त्यांच्याजवळ लिंबू, दूध, साबण यांची चित्रे. तक्ता उपयोगी आहे. आम्ल ही केवळ बाटलीत बंद असलेली भीतिदायक वस्तू नव्हे, ती स्वयंपाकघरातही असते, हे मुलांना त्यावरून चटकन कळते. माझी तक्रार आहे ती हा तक्ता जे सांगत नाही त्याबद्दल.

एका विज्ञान प्रदर्शनात नववीतल्या मुलीने मला सांगितले, "लिंबाचा सामू 2, टोमॅटोचा 4, म्हणून लिंबू दुप्पट आम्लधर्मी." चूक तिची नव्हती. सारख्या अंतरावर आखलेले आकडे कोणीही फूटपट्टीसारखेच वाचणार. प्रत्यक्षात सामू एकाने घटला की हायड्रोजन आयनांची संहती दहापट होते. म्हणजे इथला फरक शंभरपट आहे! 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर काम करताना सोरेनसेन यांनी ही पद्धत सुचवली. 0.0000001 अशी लांबलचक संख्या लिहिण्याऐवजी दहाचा घात तेवढा, ऋण चिन्ह वगळून, लिहायचा: 7. सामूचे मर्म या घातात आहे आणि तक्त्यावर नेमका तोच दिसत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सामू द्रावणात या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन सांगतो. आम्ल एकूण किती आहे, हे सांगत नाही. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू सुमारे 1, तर तितक्याच संहतीच्या अॅसेटिक आम्लाचा सुमारे 2.9 असतो. तरीही दोन्हींच्या 10 मिलिलिटरच्या उदासिनीकरणाला 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सारखेच, 10 मिलिलिटर लागते. अॅसेटिक आम्लाचे बहुतेक रेणू अखंड असतात. आयन खर्ची पडतात तसतसे ते विघटित होत राहतात. याच अर्थाने ते 'सौम्य' आहे.

मुले मात्र 'सौम्य' म्हणजे 'निरुपद्रवी' असे समजतात. तक्त्यावरचे व्हिनेगरचे चित्र त्या समजाला दुजोराच देते. पण जवळजवळ शुद्ध अॅसेटिक आम्ल कातडी भाजते. सौम्य-तीव्र आणि विरल-संहत या दोन वेगळ्या जोड्या आहेत, हे न कळणे केवळ गुण घालवणारे नाही, ते हात भाजणारेही आहे.

तक्ता काढून टाका, असे मी म्हणत नाही. त्याच्याशेजारी दोन प्रयोग ठेवावेत. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा 1 मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने 10 मिलिलिटर करावा; त्यातला 1 मिलिलिटर घेऊन पुन्हा तेच करावे. दरवेळी वैश्विक दर्शकाची पट्टी बुडवली की सामू 1, 2, 3 असा चढताना दिसेल आणि प्रत्येक पायरीमागचा दहाचा भागाकार मुलांच्याच हातून झालेला असेल. दुसरा प्रयोग वरच्या दोन आम्लांच्या अनुमापनाचा. फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होण्यापूर्वी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्यावा: कोणत्या आम्लाला अल्क जास्त लागेल? बहुतेकांचा अंदाज चुकेल. खरा पाठ तिथूनच सुरू करावा.