पुतळा उतरवायचा, तर दिवसाउजेडी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे पुतळे काढावेत की नाही. सुरुवातीला एक कबुली देतो, कारण ती दिल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

जानेवारी २०१७ ची गोष्ट. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा काही तरुणांनी रात्रीत उखडला आणि मुठा नदीत टाकला. संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे स्वीकारलं. कारण सांगितलं 'राजसंन्यास'. या नाटकात संभाजी महाराजांची बदनामी आहे, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा मराठी शिकवत होतो. आमच्याकडे निषेध सभा झाली, मी वीस मिनिटं बोललो. आविष्कारस्वातंत्र्य, गडकऱ्यांची प्रतिभा, 'एकच प्याला', सगळं झालं. टाळ्याही मिळाल्या. सभा संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा जवळ आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, 'राजसंन्यास' तुम्ही वाचलंय ना? मग त्यात महाराज कसे दाखवलेत, ते का नाही सांगितलं?"

मी वाचलं नव्हतं. म्हणजे दोन-तीन उतारे वाचले होते, जे सगळेच वाचतात तेवढे. (हशा) हसू नका, तुमच्यातल्या किती जणांनी वाचलंय? नाही, हात वर करू नका, राहू द्या. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून प्रत काढली. मागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची होती. तेव्हा लक्षात आलं की पुतळा पाडणाऱ्यांनी नाटक वाचलं होतं की नाही, हे मला माहीत नाही. पण पुतळ्याच्या बाजूनं बोलणाऱ्या मी ते नक्की वाचलं नव्हतं.

तर आधी नाटकाबद्दल बोलू या.

'राजसंन्यास' हे अपुरं नाटक आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले, वय तेहतीस. त्यांना हवी होती शोकांतिका. मोठा माणूस, मोठा दोष, मोठी पडझड आणि शेवटी स्वतःला झालेली लख्ख जाणीव. नाटकाचं नावच सांगतं की राजेपण म्हणजे उपभोग नव्हे, संन्यास आहे, आणि हे कळतं ते संभाजीलाच. त्यामुळे 'बदनामीसाठी लिहिलेलं नाटक' हा आरोप टिकत नाही. जिवाजी कलमदाने नावाचं जे पात्र शिवाजी महाराजांबद्दल वाटेल ते बरळतं, ते लेखकानं हास्यास्पद म्हणूनच रंगवलंय. पात्राचं तोंड म्हणजे लेखकाचं तोंड, असं धरलं तर एकही नाटक शिल्लक राहायचं नाही.

पण एवढं म्हणून गडकऱ्यांना सोडून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. संभाजी महाराजांनी जवळपास नऊ वर्षं राज्य केलं. एकीकडे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरलेला, दुसरीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, तिसरीकडे गोव्याचे पोर्तुगीज. या सगळ्याला नाटकात जागा किती? फार थोडी. नाटककाराला मोह पडला तो विलासाचा, कारण त्यातून भाषेचे धबधबे काढता येतात. गडकऱ्यांची भाषा ही त्यांची ताकद, आणि इथे तीच त्यांना घेऊन बुडते. राजा समोर उभा राहत नाही, राजाबद्दलची वाक्यं उभी राहतात.

आता हा विलासी संभाजी गडकऱ्यांनी आणला कुठून? तयार होता तो. मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८११ च्या सुमाराची, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. आणि हे चिटणीस कोण? ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला, त्यांच्याच घराण्यातले. बखरकारानं मुद्दाम सूड उगवला असं मी म्हणत नाही. पण घरात चालत आलेली आठवण लेखणीत उतरणारच की! ती बखर पुढे इतिहास म्हणून वाचली गेली, इतिहासातून रंगभूमीवर आली, आणि रंगभूमीवरून घराघरात गेली.

हे बदललं कशानं? इथे मला वा. सी. बेंद्रे यांचं नाव घ्यायचंय. याच माणसानं शिवाजी महाराजांचं खरं चित्र शोधून १९३३ मध्ये पुढे आणलं. त्याआधी महाराज म्हणून भलत्याच, कुणा इब्राहिमखानाच्या चित्राचा प्रसार झाला होता. विचार करा, लोक श्रद्धेनं हात जोडत होते ते दुसऱ्याच माणसाच्या चित्राला! ती चूक दुरुस्त झाली ती कागदपत्रं धुंडाळून. त्याच बेंद्र्यांनी वर्षानुवर्षं साधनं गोळा करून १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. मग कमल गोखल्यांचा अभ्यास आला, शिवाजी सावंतांची 'छावा' आली. आज शाळकरी पोरालाही संभाजी महाराज शूर आणि विद्वान राजा म्हणून माहीत आहेत, त्याचं मूळ त्या कागदांच्या गठ्ठ्यांत आहे. हातोड्यानं एकाही वाचकाचं मत बदललं नाही. म्हणूनच ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, ते मला पुतळ्यापेक्षा जास्त लागलं. उद्या एखाद्या राजावरचा डाग पुसायचा झाला तर पुरावा अशाच कपाटांतून निघणार आहे.

आता दुसरी बाजू. बेंद्र्यांचं चरित्र १९६० चं आणि गडकऱ्यांचा पुतळा बसला १९६२ मध्ये. बागेला नाव संभाजी महाराजांचं, आणि आत पुतळा कुणाचा, तर 'राजसंन्यास' लिहिणाऱ्याचा. बसवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसणार, त्यांच्यासाठी ते 'एकच प्याला'चे गडकरी होते. पण कुणालाच हे खटकलं नाही, हीच तर गोम आहे. ज्यांच्या घरात संभाजी महाराजांची तसबीर आहे त्यांना इथे काय वाटेल, हा प्रश्न विचारणारा माणूस त्या बैठकीत नसावा. स्पष्टच बोलतो. पुण्यात कुणाचा पुतळा कुठे बसतो याला जात चिकटलेली असते. ती नाही असं म्हणणं, ही ज्यांना तिचा चटका बसत नाही त्यांची चैन आहे. माझ्यासकट.

म्हणून 'पुतळा काढला की इतिहास पुसला जातो' हे वाक्य मला पटत नाही. इतिहास पुस्तकात, दफ्तरात, वादात असतो. पुतळा हा मान असतो. चौकात उंच चौथऱ्यावर एखाद्याला उभं करणं म्हणजे खालून जाणाऱ्या प्रत्येकाला 'मान वर करून पाहा' असं सांगणं. दिलेला मान काढूनही घेता येतो.

आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा. मुंबईचा काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ मध्ये येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा अश्वारूढ पुतळा दिला, १८७९ मध्ये तो बसला. १९६५ मध्ये तिथून हलवला. तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, संग्रहालयाशेजारी आहे. तो कुणी फोडला नाही की समुद्रात टाकला नाही. कुणाला पाहायचा असेल तर जाऊन पाहता येतो, शिल्प म्हणून तो पाहण्यासारखा आहेच. आणि गंमत म्हणजे लोकांनी त्या जागेला राजपुत्राचं नाव कधी दिलंच नव्हतं, दिलं ते घोड्याचं! २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, पण स्वाराशिवाय. त्याच वर्षी पुण्यात पुतळा नदीत गेला. दोन शहरं, दोन रीती.

कुणी म्हणेल, तिकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला लोकांनी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा ७ जून २०२० ला ओढून बंदरात टाकलाच ना? जगानं कौतुक केलं ना? हो. पण फरक पाहा. कोल्स्टन गुलामांच्या व्यापारातला माणूस, १७२१ मध्ये मेला, आणि पुतळा उभारला १८९५ मध्ये, तो दानशूर म्हणून. त्याबद्दल गावात कित्येक वर्षं मागण्या चालू होत्या, निदान चौथऱ्यावरचा मजकूर तरी बदला म्हणून. तेही जमलं नाही, तेव्हा लोकांनी दोर लावले, आणि तेही भर दुपारी. पुढे तो पाण्यातून काढला आणि संग्रहालयात, अंगावरच्या रंगासकट, आडवा ठेवून दाखवला. खटला चालला, चौघं निर्दोष सुटले. गावाला त्यावर बोलावं लागलं. पुण्यात काय झालं? महापालिकेची निवडणूक दीड-दोन महिन्यांवर होती. पुतळा रात्री गेला आणि सकाळी फक्त दोन गट उरले. नाटकावर कुणी बोललंच नाही.

'मग ठराव करून काढला की झालं!' असंही नाही. लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेनं रीतसर ठराव करून काढला, २७ डिसेंबर २०१० ला. पण काढला कधी? पहाटे, पोलीस बंदोबस्तात. दादोजी शिवाजी महाराजांचे गुरू होते की जहागिरीचे कारभारी, हा अभ्यासाचा चांगला प्रश्न आहे. आणि गुरू म्हणावं असा भक्कम पुरावा नसेल, तर त्या समूहशिल्पाबद्दल फेरविचार करणं गैर नाही, असं माझं मत आहे. पण निर्णय बरोबर असेल तर अंधार कशाला? दुपारी बारा वाजता काढा. शेजारी फलक लावा, कोणते कागद पाहिले, कोणी काय म्हटलं, पुतळा आता कुठे मिळेल. हरलेल्या बाजूलाही जाऊन पाहता आलं पाहिजे.

माझी कसोटी साधी आहे. पुतळा कोणी, कधी आणि कोणत्या गुणासाठी बसवला? आज त्याच्याखालून जाणाऱ्याला त्याचं काय वाटतं? आणि काढायचा तर कारण लेखी देऊन, उजेडात काढायची तयारी आहे का? या कसोटीवर गडकऱ्यांचा पुतळा फोडणं चूक होतं. पण त्यांना संभाजी उद्यानातून मानानं हलवून एखाद्या नाट्यगृहाच्या अंगणात नेलं असतं, तर मी विरोध केला नसता. निषेध सभेत मी हे म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : उद्या प्रत्येक जण आपल्या भावना दुखावल्या म्हणून पुतळे हलवायला सांगेल. मग थांबायचं कुठे?)

चांगला प्रश्न आहे. भावना हे अर्ज करायचं कारण होऊ शकतं, निकालाचं नाही. अर्ज आला की कागद उघडायचे. बहुतेक अर्ज तिथेच थांबतील, कारण कागद वाचायला वेळ लागतो आणि निवडणुका तोवर होऊन जातात. (हशा) जे थांबणार नाहीत, ते ऐकण्यालायक असतील.

तो मुलगा पुढे भेटला. मी सांगितलं, वाचलं बाबा. तो म्हणाला, "मीपण वाचलं सर, तुमच्यानंतर मीच ती प्रत नेली." त्याला नाटक आवडलं नाही. माझंही मत पुष्कळसं तेच झालं होतं. पण आम्ही दोघं त्यावर तासभर बोललो. तेवढं त्या जानेवारीत व्हायला हवं होतं.